होडीत न बसता बेटाचा विकास

वाचकहो, आपण बेलापुरात, नेरूळला किंवा ठाण्याच्या घोडबंदर रस्त्यावर राहत असाल आणि एखाद्या लहानशा बेटाच्या सामुदायिक विकासाचा प्रस्ताव लिहिण्याचे काम आपल्या गळ्यात पडले असेल, तर सर्वप्रथम त्या बेटावर जाण्याचा मोह आवरावा. बेट पाहून आलेल्या माणसाच्या प्रस्तावात होडी, चिखल, भरती असले शब्द शिरतात आणि असा प्रस्ताव सरकारी खर्चाच्या कोणत्याच लेखाशीर्षात बसत नाही. पाहायचेच असेल, तर अटल सेतूवरून नवी मुंबईकडे येताना उजव्या हाताला घारापुरीचा डोंगर दिसतो, तेवढा पुरे. 21.8 किलोमीटर लांबीच्या त्या सेतूवरून बेटाकडे उतरायला वाट नाही, हे आपल्या पथ्यावरच पडलेले आहे.

बेट निवडण्याची मुभा असेल, तर शक्यतो निर्मनुष्य निवडावे. हा सल्ला माझ्या पदरचा नव्हे. केंद्र सरकारने 1 जून 2017 रोजी बेटांच्या विकासासाठी खास यंत्रणा स्थापन केली. तिने पहिल्या टप्प्यात घेतलेल्या बेटांमध्ये मिनिकॉय, लिटल अंदमान अशी नांदती बेटे होती, तशीच लक्षद्वीपमधील सुहेली आणि चेरियम ही कायमची वस्ती नसलेली बेटेही होती. पर्यटन हा त्या योजनेचा कणा असल्यामुळे तसे त्यात वावगे काही नाही. आपण मात्र त्यातली सोय ओळखावी. जिथे माणूसच नाही, तिथे नळ कोरडा का, असे कोणी विचारत नाही, गुरुजी आठवडाभर का आले नाहीत, अशी तक्रार होत नाही, आणि लाभार्थ्यांची यादी शीर्षकापाशीच संपते. लक्षद्वीपच्या 36 बेटांपैकी सरकारी मोजणीनुसार 10 बेटांवर वस्ती आहे. म्हणजे उरलेल्या 26 बेटांवर सामुदायिक विकासाला समुदायाची अडचण होत नाही.

दुर्दैवाने आपल्या वाट्याचे बेट नांदते निघाले, तर डोकी मोजावीत, आणि ती 2011 च्या जनगणनेतलीच मोजावीत. पंधराव्या वित्त आयोगाने ग्रामीण स्थानिक संस्थांचे अनुदान राज्याराज्यांत वाटताना 90 टक्के भार लोकसंख्येला आणि 10 टक्के क्षेत्रफळाला दिला, आणि गावापर्यंत उतरतानाही माणसामागचा हिशेबच मुख्य राहतो. लहान बेटाकडे डोकीही थोडी आणि जमीनही थोडी. त्याच्याकडे जे उदंड आहे, त्या खाऱ्या पाण्याला या सूत्रात गुण नाहीत. त्यातही 2021 ते 2026 या वर्षांच्या अनुदानातला 60 टक्के हिस्सा पिण्याचे पाणी आणि स्वच्छता यांना बांधून दिलेला, तेव्हा उरलेल्या 40 टक्क्यांत ग्रामपंचायतीने काय दिवे लावायचे ते लावावेत.

दिव्यांवरून आठवले. घारापुरीच्या राजबंदर, शेतबंदर आणि मोराबंदर या तीन वस्त्यांना फेब्रुवारी 2018 मध्ये समुद्राखालून साडेसात किलोमीटर केबल टाकून वीज मिळाली. तोवर जनरेटरवर संध्याकाळी तीनेक तास उजेड असे. तिथल्या लेण्यांचे नाव जागतिक वारशाच्या यादीत 1987 सालीच लागले होते. म्हणजे जगाचे लक्ष गेल्यानंतर 31 वर्षांनी महावितरणचा खांब आला. या कामाला सुमारे 25 कोटी रुपये लागले आणि बेटावरची वस्ती हजार-बाराशेच्या घरात, तेव्हा भागाकार केला की माणशी दोन लाखांच्या वर आकडा येतो. हा दरडोई खर्चाचा भागाकार आपण नीट घोटून ठेवावा, कारण बैठकीत कोणी बेटाची बाजू घेऊन बोलू लागला की त्याला गप्प करण्यासाठी याहून जालीम उपाय नाही. उड्डाणपुलाचा खर्च त्यावरून जाणाऱ्या डोक्यांनी भागून दाखवा, असे उलट म्हणणारा अजून तरी मला कोणत्याही बैठकीत भेटलेला नाही.

आता अर्जाकडे वळू. अर्ज भरून घेण्याची कला मी बेलापुरातल्या एका कार्यालयात बाकड्यावर बसून पाहिली, आणि ती पाहिल्यापासून मला शून्याविषयी फार आदर वाटू लागला. माझ्या शेजारी बेटावरचे एक काका बसले होते. त्यांनी फाइल दुधाच्या पिशवीत, ती पिशवी दुसऱ्या पिशवीत आणि ते सगळे रेक्झिनच्या बॅगेत ठेवले होते. पँट नडगीपर्यंत दुमडलेली आणि पायावर वाळलेल्या चिखलाचा करडा पट्टा होता. लिपिकाची नजर आधी त्या पायांवर, मग नुकत्याच पुसलेल्या फरशीवर आणि सर्वांत शेवटी अर्जावर गेली. ‘मुख्यालयापासून रस्त्याने अंतर’ हा रकाना कोरा होता.

“काका, हे रिकामं ठेवलं तर संगणक पुढे जात नाही.”

“भाऊसायेब, रस्ताच नाय तं लिवू काय?”

“शून्य लिहा.”

काकांनी शून्य लिहिले. तो अर्ज दोन महिन्यांनी शेऱ्यासह परत आला : सदर गाव मुख्यालयापासून शून्य किलोमीटर अंतरावर असल्याने दुर्गम भागासाठीचे वाढीव दर अनुज्ञेय नाहीत. शेरा लिहिणाऱ्याची चूक काढण्यात अर्थ नाही, कारण समोरच्या कागदानुसार तो शंभर टक्के बरोबर होता. काकांना त्रुटी दूर करण्यासाठी पुन्हा बोलावले, तेही सकाळी 11 वाजता. होडी भरतीलाच तरंगते; भरतीची वेळ रोज सुमारे 50 मिनिटांनी पुढे सरकते आणि कार्यालयाची वेळ सरकत नाही, त्यामुळे दोन्ही वेळा पंधरवड्यातून एकदाच जुळतात. त्या एका दिवशी साहेब व्हीसीत, म्हणजे व्हिडिओवरच्या बैठकीत, असले, की काम झाले म्हणून समजावे.

अंदाजपत्रकातही याच शून्याची परंपरा सांभाळावी. खाणीपासून कामाच्या जागेपर्यंतचे अंतर, ज्याला सगळे लीड म्हणतात, ते रस्त्याने मोजावे आणि धक्क्यापाशी थांबवावे. सिमेंटची गोणी टेम्पोतून धक्क्यावर, धक्क्यावरून होडीत, होडीतून गुडघाभर पाण्यात कोणाच्या तरी डोक्यावर आणि तिथून चढणीने वर जाते, हे खरे; परंतु डोक्यावरच्या त्या प्रवासाचा दर विचारत बसलो, तर तांत्रिक मान्यता या जन्मी मिळायची नाही. ठेकेदार ही कसर रेतीत भरून काढतो, आणि कशी, ते पहिल्या पावसाळ्यानंतर धक्क्याच्या पायऱ्याच सांगतात.

निधी मार्चच्या शेवटच्या आठवड्यात सोडावा आणि 31 तारखेच्या आत तो खर्च झाल्याचे उपयोगिता प्रमाणपत्र मागावे. त्यानंतरही काम करण्याचा हट्ट कोणी धरलाच, तर त्याच्या हाती एप्रिल आणि मे एवढेच महिने राहतात, कारण पुढे समुद्र खवळतो आणि 1 जूनपासून 61 दिवस यांत्रिक बोटींची मासेमारीही बंद असते. लोकांचे मत घेणे आवश्यकच असेल, तर 15 ऑगस्टची ग्रामसभा त्यासाठी उत्तम. गणपूर्तीला 15 टक्के किंवा 100 मतदार, यांपैकी जी संख्या कमी असेल तेवढे लोक पुरतात, ते बेटावर हजरच असतात. आणि ज्यांनी उत्तरे द्यायची, ते अधिकारी ‘हवामान प्रतिकूल’ म्हणून किनाऱ्यावरच थांबतात.

काय बांधावे, हा प्रश्न त्या मानाने सोपा आहे. जे बोटीतून दिसते, ते बांधावे. स्वागतकमान, रंगीत अक्षरांचा सेल्फी पॉइंट आणि कोनशिला इतके आले, की पाण्याची टाकी दुसऱ्या टप्प्यात ढकलता येते. बेटाची शोभा वाढवण्याची हौस मात्र बेतानेच करावी. ज्या दगडी हत्तीमुळे पोर्तुगीजांनी घारापुरीला एलिफंटा म्हटले, तो 1864 मध्ये हलवण्याच्या खटपटीत मोडला आणि तुकडे जोडून आज भायखळ्याच्या राणीच्या बागेशी उभा आहे. उपचारासाठी मुंबईला नेलेला आणि परत न आलेला हा त्या बेटावरचा सर्वांत जुना रहिवासी असावा.

उद्घाटनाला जावेच लागेल. बोट सकाळच्या भरतीला न्यावी, सत्कार चार मिनिटांत उरकावेत आणि भाषण आटोपते घ्यावे, कारण सुकती लागली की पाहुण्यांची बोटही चिखलात बसते. मग सहा-सात तास दवाखान्याचे कुलूप, शाळेचा वर्ग आणि पाण्याचे हंडे पाहत धक्क्यावर बसावे लागते. तशी वेळ आलीच, तर मोबाइलवर रेंज शोधत हिंडू नये. शून्य किलोमीटरवाले ते काका मागच्या रांगेत बसलेले असतील. होडी कधी तरंगेल, ते त्यांना घड्याळ न पाहता सांगता येते.