ग्रंथालय म्हणजे नुसतं बिलं भरणारं खातं नव्हे

विद्यापीठाच्या ग्रंथालयाची पारख बहुतेक जण एकाच प्रश्नावर करतात: अमुक जर्नल तुमच्याकडे येतं का? येत असेल तर ग्रंथालय चांगलं. मी बरीच वर्षं ग्रंथालयात रिपॉझिटरीचं, म्हणजे विद्यापीठाचं संशोधन साठवून सगळ्यांना वाचायला देणाऱ्या डिजिटल भांडाराचं, काम करते आणि हा प्रश्न ऐकला की मला मनापासून वाईट वाटतं. ओपन अॅक्सेसची, म्हणजे संशोधन सगळ्यांना फुकट वाचायला मिळण्याची, जी इमारत आज उभी दिसते, तिच्या पायातले कितीतरी दगड ग्रंथालयांनी बसवलेत.

संशोधक आपले निबंध छापून येण्याआधीच जिथे खुले ठेवतात ते आर्काइव्ह (arXiv) हे संकेतस्थळ भौतिकशास्त्रज्ञ पॉल गिन्सपार्ग यांनी १९९१ मध्ये लॉस अलामॉसला सुरू केलं, पण २००१ मध्ये ते कॉर्नेलला आलं आणि पुढची अनेक वर्षं तिथल्या विद्यापीठ ग्रंथालयाने ते सांभाळलं. २००२ मध्ये एमआयटीच्या ग्रंथालयांनी एचपीबरोबर डीस्पेस हे सॉफ्टवेअर तयार करून सगळ्यांना खुलं केलं, त्यावर आजही जगभरातल्या रिपॉझिटऱ्या चालतात. खुल्या जर्नलांची यादी, डीओएजे, २००३ मध्ये लुंड विद्यापीठाच्या ग्रंथालयात सुरू झाली. तेव्हा तिच्यात ३०० च्या आसपास जर्नलं होती, आज २०,००० हून जास्त आहेत.

मग ग्रंथालयाचा पैसा जातो कुठे? वर्गण्यांमध्ये. हार्वर्डसारख्या श्रीमंत विद्यापीठातल्या प्राध्यापकांच्या सल्लागार मंडळानेही २०१२ मध्ये जाहीरपणे सांगितलं की काही प्रकाशकांची बिलं वर्षाला साडेसदतीस लाख डॉलरच्या घरात गेली आहेत आणि हे असं पुढे चालू ठेवता येणार नाही. कॅलिफोर्निया विद्यापीठाने २०१९ मध्ये एल्सेव्हियर या बड्या प्रकाशकाशी करार तोडला. दोन वर्षांनी, २०२१ मध्ये, नवा करार झाला तो लेखकांचे निबंध खुले करण्याच्या अटीसह. ग्रंथालयं ठाम राहिली की प्रकाशक बोलणी करतात, हे त्यातून दिसलं.

तरीही अशा करारांवर मी पूर्ण समाधानी नाही. लेखकाकडून प्रकाशन शुल्क घेऊन निबंध खुला करायचा, ही पद्धत वाढत गेली तर पूर्वी ज्यांच्याकडे वाचायला पैसे नव्हते, त्यांच्याकडे आता छापायला नसतील. विद्यापीठ मोठं असेल तर करारातून शुल्क भरलं जातं. छोट्या संस्थेतल्या संशोधकाने काय करायचं? म्हणून मला रिपॉझिटरीचा मार्ग जास्त न्याय्य वाटतो: निबंध कुठेही छापा, स्वीकृत मसुदा (जर्नलने स्वीकारलेली तुमची स्वतःची फाइल) आपल्या विद्यापीठाच्या भांडारात ठेवा. तिथे लेखकालाही पैसे पडत नाहीत आणि वाचकालाही.

पण ते भांडार कोणाच्या मालकीचं आहे, हेही बघावं लागतं. बीप्रेस ही कंपनी प्राध्यापकांनी सुरू केलेली. तिच्या डिजिटल कॉमन्स या रिपॉझिटरी चालवणाऱ्या सेवेवर अनेक विद्यापीठ ग्रंथालयांनी विश्वासाने आपापल्या रिपॉझिटऱ्या उभ्या केल्या, आणि २०१७ मध्ये एल्सेव्हियरने ती विकत घेतली. ज्याच्या वर्गणीला पर्याय म्हणून भांडार बांधलं, त्याच्याच घरात ते भांडार जाऊन बसलं. सॉफ्टवेअर खुलं हवं, ते चालवणारी माणसं आपली हवीत, असं मी पुन्हा पुन्हा म्हणते ते यासाठीच.

खुलं केलं म्हणजे टिकलं, असंही नाही. २००० ते २०१९ या काळात १७० हून जास्त खुली जर्नलं इंटरनेटवरून नाहीशी झाल्याचं संशोधकांनी शोधून काढलंय. संपादक निवृत्त झाले, सर्व्हरचा खर्च कोणी भरला नाही, जर्नल गेलं. डीओआय, म्हणजे निबंधाचा कायमचा ओळखक्रमांक, असला तरी निबंधाचा वेबपत्ता बदलल्यावर त्याची नोंद कोणीतरी बदलावीच लागते. स्टॅनफर्डच्या ग्रंथालयांनी १९९९ पासून लॉक्स या यंत्रणेत साधा विचार धरला: प्रती अनेक ठिकाणी ठेवा आणि त्या एकमेकींशी सतत ताडून बघा. हे ग्रंथपालाचं जुनंच काम आहे, फक्त कागदाच्या जागी फाइल आली.

रोजच्या कामात अडतं ते मात्र साध्या गोष्टींवर. एकाच संशोधकाचं नाव तीन निबंधांत तीन तऱ्हांनी लिहिलेलं असतं, ऑर्किड हा संशोधकाचा ओळखक्रमांक नसतो, मग तिन्ही निबंध तीन वेगळ्या माणसांचे ठरतात. स्कॅन केलेल्या प्रबंधात मजकूर ओळखलेलाच नसतो, म्हणून शोधून तो सापडत नाही. डेटा येतो तो नुसत्या तक्त्यांच्या स्वरूपात, कुठल्या रकान्यात काय मोजलंय आणि कुठल्या एककात, याचा पत्ता नसतो. ही माहिती भरायला, लेखकाच्या मागे लागायला, परवाने तपासायला माणूस लागतो. सर्व्हरसाठी प्रकल्पातून निधी मिळतो. प्रकल्प संपला की माणूस जातो आणि सर्व्हर तसाच सुरू राहतो. वर्गण्यांच्या रकमेतला ठरावीक वाटा दरवर्षी रिपॉझिटरीच्या कायम नोकऱ्यांसाठी बाजूला काढलाच पाहिजे, असं माझं ठाम मत आहे.

आणि प्राध्यापकांना एक विनंती. ‘निबंध द्या’ म्हटलं की तुम्ही प्रकाशकाने सजवलेली पीडीएफ पाठवता. ती बहुतेक वेळा आम्हाला खुली करता येत नाही. परीक्षकांच्या सूचनांनुसार सुधारून तुम्ही संपादकांना पाठवलेला शेवटचा मसुदा आम्हाला हवा असतो, आणि वर्षभराने विचारलं तर तो तुमच्याकडेही सापडत नाही. त्यामुळे स्वीकृतीचा मेल आला की त्याच दिवशी ती फाइल आपल्या ग्रंथपालांकडे पाठवा. अमुक काळ निबंध खुला करू नका अशी प्रकाशकाची मुदत असेल तर तारीख घालून आम्ही ती बंद ठेवतो. मुदत संपली की ती आपोआप सगळ्यांना खुली होते.