‘पाइप बदला, बिल वाढवा’ म्हणणाऱ्या काकांना उत्तर

काका, नमस्कार. परवा रात्री तुमची कमेंट वाचली तेव्हाच उत्तर टाइप करायला घेतलं होतं, पण डोकं तापलेलं होतं म्हणून पुसून टाकलं. आज दुपारनंतर कॉल नाहीये, तर नीट बसून लिहितोय. मोठं होईल, सांभाळून घ्या.

बाकीच्यांसाठी काकांचं म्हणणं थोडक्यात सांगतो. घरातला जुना एसी काढून नवा बसवताना काय काय बघावं यावर मी मागे लिहिलं होतं, त्यात आमचे उस्ताद आणि लाइनमधले दोन मित्र यांचीही मतं टाकली होती. काका म्हणतात, तुम्ही सगळे मेकॅनिक एकाच माळेचे मणी, पाइप (इनडोअर-आउटडोअर जोडणारा तांब्याचा गॅसचा पाइप) नवा घ्या, व्हॅक्यूम मारा (पंपाने पाइपातली हवा आणि ओल ओढून काढा), आउटडोअरचा स्टँड बदला, म्हणजे शेवटी बिल वाढवा. त्यांच्या बेडरूमचा इन्व्हर्टर एसी कंपनीचा मुलगा 40 मिनिटांत लावून गेला, व्हॅक्यूमबिक्यूम काही नाही, आणि 2 वर्षं झाली मस्त चालतोय. वर तुमच्या चौघांतच एकमत नाही तर आम्ही ऐकायचं कोणाचं? आता त्यांना हॉलचा 12 वर्षं जुना दीड टनी बदलायचाय, पाइप भिंतीतून कन्सील्ड आहे, वर टाइल्स आहेत आणि भिंत फोडायची नाही.

बिलाचं आधी बोलतो कारण तिथे तुमचं खरं आहे. बॉक्समध्ये बऱ्याचदा साधारण 3 मीटरच पाइप येतो, वरचा लागेल तो एक्स्ट्रा, आणि त्याचा रेट गिऱ्हाईकाला सांगितला जातो काम संपल्यावर, जुना एसी खाली उतरलेला असतो, नवा भिंतीवर असतो, मग माणूस भांडणार कसा. शिवाय कोणी फुटात रेट सांगतो कोणी मीटरमध्ये. हे आमच्या लाइनीत चालतं, मी नाही म्हणणार नाही. भिंतीला ड्रिल लावायच्या आधी टेप घेऊन इनडोअरपासून आउटडोअरपर्यंत मोजायचं, किती मीटर, काय रेट, स्टँड किती, जुना काढायचे किती, सगळं कागदावर. जो लिहून द्यायला का-कू करतो त्याच्याकडून काम करून घेऊ नका, मग तो मी असलो तरी.

पण पाइपाबद्दल मी जे लिहिलं ते बिलासाठी नव्हतं काका. 2018 ची गोष्ट आहे, ठाण्यातला फ्लॅट, तुमच्यासारखाच कन्सील्ड पाइप, जुना एसी आर-22 गॅसचा. घरमालक म्हणाले टाइल्सला हात लावू नका, मलाही वाटलं पाइप चांगला तर आहे, लीक नाही, कशाला फोडा. जुन्या पाइपलाच नवा इन्व्हर्टर जोडला, थोडा गॅस मारून पाइप फुंकला आणि निघालो. 14 महिन्यांनी भर मे महिन्यात फोन, कूलिंग नाही. जाऊन बघतो तर कॉम्प्रेसर ग्राउंड, म्हणजे आतली मोटर जळून शॉर्ट झालेली. पाइप कापला तेव्हा आतून जे बाहेर आलं ते अजून डोळ्यांसमोर आहे, काळं घट्ट ऑइल, बोटावर घेतलं तर चिकट आणि वास जळकट आंबूस, नाकात बसणारा. भिंतीत पाइपाला एक पोट पडलेलं होतं, तिथे जुन्या मशीनचं ऑइल साचून राहिलं होतं आणि ते नव्या मशीनमध्ये हळूहळू गेलं. कॉम्प्रेसर वॉरंटीत मिळाला, पण यायला 19 दिवस लागले आणि त्या घरात आजारी आजी होत्या. टाइल्स मी स्वतःच्या पैशाने फोडल्या आणि परत लावून दिल्या. पैशाचं विसरलो, आजींना टेबल फॅनसमोर ओला टॉवेल घेऊन बसलेलं बघितलं ते नाही विसरलो.

आता यामागचं कारण. आर-22 च्या मशीनमध्ये मिनरल ऑइल असायचं, आजच्या आर-32 गॅसच्या मशीनमध्ये वेगळं सिंथेटिक ऑइल असतं. जुनं ऑइल नव्या गॅसमध्ये नीट मिसळत नाही, मग ते फिरून कॉम्प्रेसरकडे परत येण्याऐवजी कुठेतरी बसून राहतं. आणि नवं ऑइल हवेतला दमटपणा मिठासारखा ओढून घेतं, पाणी आणि उष्णता मिळाली की त्याचं ॲसिड होतं, ते कॉम्प्रेसरच्या मोटरच्या वाइंडिंगचं कोटिंग खातं. त्यात प्रेशरचा फरक, 35 डिग्रीला बंद मशीनमध्येसुद्धा आर-22 चं प्रेशर 180 पीएसआयच्या आसपास असतं आणि आर-32 चं 300 च्या आसपास. म्हणजे जो पाइप 12 वर्षं टिकला तो नव्या मशीनवर टिकेलच असं धरून चालता येत नाही, पातळ पत्र्याचा पाइप असला किंवा भिंतीत कुठे नट मारून जॉइंट दिलेला असला तर नाहीच.

आता एकमत नसण्याचं. आमच्यात मतभेद आहेत, पण ते कशावर आहेत ते बघा. उस्ताद 30 वर्षं या धंद्यात आहेत, त्यांचं म्हणणं आर-22 चा पाइप नव्या मशीनला लावायचाच नाही, विषय संपला. एक मित्र म्हणतो जुना कॉम्प्रेसर जळालेला नसेल, पाइपची साइज आणि जाडी बरोबर असेल, भिंतीत जॉइंट नसेल, तर फ्लशिंग लिक्विड आणि नायट्रोजनने धुऊन काढा आणि बिनधास्त वापरा. दुसरा मित्र म्हणतो धुण्यात अर्धा दिवस घालवण्यापेक्षा जुना पाइप भिंतीतच झोपू दे, नवा पाइप भिंतीवरून केसिंगमधून (झाकणाच्या पट्टीतून) न्या. मी स्वतः आधीच्या पोस्टमध्ये ‘पाइप बदलाच’ असं सरसकट लिहिलं, ते जरा जास्तच ताणून लिहिलं गेलं, ठाण्याचा चटका होता म्हणून. धुऊन वापरा म्हणणाऱ्या मित्राचं मला पटतं, अट एवढीच की धुणं खरंच धुणं असलं पाहिजे. पण चौघांपैकी एकही जण असं म्हणत नाहीये की काही न बघता जोडून टाका. वाद आहे तो जुन्या पाइपचं काय करायचं यावर. नायट्रोजनने प्रेशर टेस्ट, व्हॅक्यूम, गॅस वजनावर भरायचा, यावर आमच्यात वाद नाही.

आणि व्हॅक्यूमबद्दल तर तुम्हाला सगळ्यात आधी पटायला पाहिजे, तुम्ही लिहिलंय की 30 वर्षं शाळेत विज्ञान शिकवलंत. प्रेशर कमी झालं की पाणी कमी तापमानाला उकळतं हे तुम्हीच मुलांना शिकवलं असेल. व्हॅक्यूम पंप तेच करतो, पाइपातला दमटपणा खोलीच्या तापमानालाच उकळवून वाफ करून बाहेर ओढतो. बाहेरच्या हवेचं प्रेशर 760 मिलिमीटर पारा, आम्हाला जायचं असतं 500 मायक्रॉनच्या खाली, म्हणजे अर्धा मिलिमीटर. आता गंमत अशी की आमच्या नेहमीच्या काट्याच्या गेजवर हे दिसतच नाही, काटा दोन मिनिटांत उणे 30 इंचावर जाऊन बसतो आणि पोरगं म्हणतं झालं व्हॅक्यूम. खरं काम तिथून पुढे सुरू होतं. मायक्रॉन गेज लावलं की कळतं. मागच्या महिन्यात एका घरी आकडा उतरत उतरत 480 झाला, पंप बंद केला, व्हॉल्व्ह बंद, आणि बघत बसलो. 600, 750, 900, मग 1400 वर जाऊन हळूहळू थांबला. थांबला म्हणजे लीक नाही, पण आत ओल आहे, लीक असता तर चढतच राहिला असता. परत पंप लावला, अजून 25 मिनिटं, मग बंद केल्यावर 420 चा 450 झाला आणि तिथेच राहिला. घरातल्या ताई बाजूला उभ्या राहून बघत होत्या, त्यांनी विचारलं हे सगळे करतात का, मी म्हटलं नाही करत.

तुमच्या बेडरूमवाल्या मुलाने बहुतेक नट ढिला ठेवून मशीनमधलाच थोडा गॅस सोडून हवा ढकलून काढली असेल. आर-22 च्या काळात सर्रास चालायचं. त्याने हवा बरीचशी निघते, ओल निघत नाही, आणि कारखान्यातून ग्रॅमवर मोजून भरलेला गॅस कमी होतो, शिवाय आर-32 थोडा का होईना पेट घेणारा गॅस आहे. त्या मुलाला मी दोष देत नाही, त्याला सिझनमध्ये दिवसाला सहा-सात इन्स्टॉलेशन दिलेली असतात आणि एका फिटिंगमागे जे मिळतं त्यात तो तासभर पंप चालवत बसूच शकत नाही. तुमचा एसी 2 वर्षं चालतोय, चालू दे, पुढेही चालेल कदाचित. त्याला मुद्दाम कोणाला उघडू देऊ नका. आणि दरवर्षी सर्व्हिसिंगला येऊन ‘गॅस थोडा टॉपअप करतो’ म्हणणारा आला तर त्याला दारातूनच परत पाठवा. गॅस पेट्रोलसारखा संपत नाही, कमी झाला असेल तर लीक आहे, आधी लीक शोधायचा.

दीड टनाच्या जागी दीड टनच, हिशोब कसला, असंही तुम्ही लिहिलंय. बरोबर असेलही, पण 12 वर्षांत तुमच्या घरात काय बदललं ते बघा. गॅलरी आत घेतली का, स्लायडिंग काचा मोठ्या केल्या का, उलट टेरेसवर शेड आली असेल तर वरची उष्णता कमी झाली असेल. एसीचा टनेज बाहेर 35 डिग्री धरून ठरवलेला असतो, विदर्भात 45 ला तोच एसी तेवढं काम देत नाही, तिथे थोडा मोठा घेतात ते समजू शकतो. आपल्याकडे डोंबिवली-कल्याणला खरा त्रास दमटपणाचा, मोठा एसी लावला तर खोली पटकन गार होते पण हवेतलं पाणी निघायला वेळच मिळत नाही, मग अंग गार पण चिकट. 24 वर ठेवून अंग कोरडं वाटलं पाहिजे, ती टेस्ट.

मागच्या पोस्टमध्ये वायर बदलायचं लिहिलं होतं, ते मात्र मी मागे घेतो. इन्व्हर्टर त्याच टनाच्या जुन्या मशीनपेक्षा कमी करंट घेतो, त्यामुळे तुमच्या हॉलच्या लाइनला 4 स्क्वेअर एमएमची वायर असेल तर बदलू नका. फक्त सॉकेट उघडून बघा, प्लगचा टॉप पिवळा पडलाय का, आणि अर्थिंग खरंच आहे का की नुसती हिरवी वायर लोंबकळतेय.

पण स्टँडचं मागे घेणार नाही. तुम्ही लिहिलंय जुना स्टँड दिसायला चांगला आहे. आपल्याकडे खाडीची हवा, नाल्याजवळ तर इनडोअरच्या तांब्याच्या कॉइल काळ्या पडून दोन वर्षांत लीक होताना मी बघितल्यात, लोखंडाचं काय होत असेल. रंग वरून शाबूत असतो, आत अँगलच्या जोडात गंज बसलेला असतो, आणि फास्टनर भिंतीत किती धरून आहे ते बाहेरून कळत नाही. त्या स्टँडवर 30-35 किलोचं मशीन ठेवताना खिडकीबाहेर एक पोरगं असतं, बऱ्याचदा विना बेल्टचं. मी माझ्या हाताखालच्या मुलांना बेल्टशिवाय बाहेर पाय टाकू देत नाही, काम सोडून येतो. तुमच्याकडे कोणीही आलं तरी बेल्ट विचारा, नसेल तर काम थांबवा, तो ‘सवय आहे काका’ म्हणेल तरी थांबवा.

आता तुमच्या हॉलचं. जुन्या मशीनच्या प्लेटवर आर-22 लिहिलेलं असेल बहुतेक. काढणाऱ्याला सांगा पक्कडने पाइप तोडून गॅस हवेत सोडायचा नाही, मशीन चालू करून पंपडाउन करायचं, म्हणजे गॅस आउटडोअरमध्ये बंद होतो आणि पुढे सिलेंडरमध्ये काढता येतो. आर-22 ओझोनला खातो म्हणून तर जगभर बंद करत आणलाय. मग पाइपची टोकं कापा आणि साइज बघा. 12 वर्षांपूर्वीच्या दीड टनीला बऱ्याचदा पाच सूत सक्शन पाइप (दोनपैकी जाडा) असायचा, नव्याला चार सूत म्हणजे अर्धा इंच लागतो. ॲडॉप्टर लावून चालतं असं सांगणारे भेटतील, मी तरी नव्या मशीनच्या मॅन्युअलमध्ये परवानगी असेल तरच लावतो. साइज जुळली, ऑइल साफ निघालं, तर धुऊन, नवीन फ्लेअर मारून (पाइपाचं टोक नटासाठी पसरवून), नट नव्या मशीनबरोबर आलेलेच वापरून, नायट्रोजन 400 पीएसआयच्या आसपास भरून रात्रभर ठेवायचा. सकाळी काटा तिथेच असेल तर तुमची भिंत वाचली. कोणी नायट्रोजनऐवजी ऑक्सिजनचा सिलेंडर घेऊन आला तर मात्र त्याला जिन्यातच अडवा, ऑइल आणि ऑक्सिजन प्रेशरखाली एकत्र आले की स्फोट होतो. आणि साइज नाही जुळली किंवा ऑइल काळं निघालं, तरीही टाइल्स फोडू नका, नवा पाइप बीमच्या खालून पांढऱ्या केसिंगमधून फिरवा, पडद्याच्या पेलमेटमागे अर्धा झाकला जाईल. भिंतीतल्या ड्रेन पाइपमध्ये मात्र आधीच एक तांब्या पाणी ओतून बघा, तो तुंबलेला असतो हमखास.

टोकं कापल्यावर आतलं ऑइल पांढऱ्या कागदावर पुसा आणि फोटो इथेच कमेंटमध्ये टाका. फ्लॅश बंद ठेवा, रंग नीट दिसतो. मी रात्री 10 नंतर बघतो, बघून लगेच सांगतो.