कोष घरात आणू नका, ताई

परवा न्यू जर्सीत एडिसनला ताईकडे गेलो तर फ्रिजवर जाळीची पेटी. आत चाळीसेक पट्टेरी अळ्या आणि वर लटकलेले सात हिरवे कोष. मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवरचा मेसेज तिने मनावर घेतलाय. ह्यूस्टनच्या मावशीनेही तोच पाठवला, तेव्हा म्हटलं आता उत्तर देणं आलं.

मेसेजचं म्हणणं असं: मोनार्क फुलपाखरं संपत चाललीत. बाहेर शंभरातली पाच जगतात, घरात पंचाण्णव. म्हणून सुरवंट गोळा करा, निदान कोष तरी घरात आणा. फुलपाखरू कोषात अडकलं तर कात्रीने सोडवा. मिल्कवीड, म्हणजे या अळ्या खातात ते झाड, कुठलंही चालतं.

(सुरवंट नव्हे, अळी. सुरवंटाला केस असतात. असो.)

बाहेर बहुतेक अळ्या मरतात, हे खरं. मादी शेकड्यांनी अंडी घालते ती उगाच नाही. मेक्सिकोच्या डोंगरात ही फुलपाखरं थंडी काढतात, तिथे १९९६-९७ मध्ये त्यांनी १८ हेक्टर जंगल व्यापलं होतं, २०२३-२४ मध्ये जेमतेम ०.९०. हेही खरं.

पण ‘निदान कोष तरी घरात आणा’ वाचून माझं डोकं फिरलं. उन्हाळा सरताना कोषातून निघणारी पिढीच तर मेक्सिकोला जाते. शिकागो विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१९ मध्ये छापलेल्या अभ्यासात फुलपाखरं वरून उघड्या नळकांड्यात बारीक काडीला जोडून उडवली आणि कुठे तोंड करतात ते पाहिलं. बाहेर वाढलेली दक्षिणेकडे वळली. घरात वाढवलेल्यांना दिशाच सापडेना, आत शरद ऋतूसारखा उजेड आणि गारवा ठेवूनही. आणि अंड्यापासून कोषापर्यंत बाहेरच वाढलेली, फक्त कोषातून घरात निघालेली? तीही चुकली. म्हणजे मेसेज सांगतो नेमकं तेच करून.

बरं, २०२१ मध्ये छापलेल्या अभ्यासात कॅनडातल्या ग्वेल्फ विद्यापीठाने घरात वाढवलेल्यांना रेडिओ टॅग लावून मोकळं सोडलं, तर बहुतेक दक्षिणेच्याच बाजूला गेली. मान्य. पण एडिसनहून मेक्सिकोतलं ते जंगल तीन हजारांहून जास्त किलोमीटर आहे. निघाली म्हणजे पोचली नव्हे.

चाळीस अळ्या एका पेटीत हे वेगळंच. ओई नावाचा परजीवी असतो. आजारी फुलपाखराच्या अंगावरचे बीजाणू पानांवर पडतात, अळ्या ती पानं खातात. पेटीत एक फुलपाखरू तसलं निघालं की खालच्या सगळ्यांच्या ताटात तेच. कोषात अडकणारी, पंख चुरगळलेली फुलपाखरं बरेचदा याचीच शिकार असतात. त्यांच्यावर कात्री चालवून काय होणार? धडधाकट फुलपाखरू स्वतःच निघतं, उलटं लटकतं आणि फुगलेल्या पोटातला रक्तासारखा द्रव पंखांत ढकलून ते ताठ करतं.

मिल्कवीड कुठलंही? लाल-पिवळ्या फुलांचं ते आपलं हळदीकुंकू. न्यू जर्सीत थंडीने मरतं, म्हणून ताईचं निभावेल. मावशीच्या ह्यूस्टनला ते बहुतेक हिवाळे हिरवंच राहतं, आणि पानांवर ओई साठत जातो. मावशी, निदान थंडीत बुंध्याशी छाटा.

नातीला दाखवायला एकदोन अळ्या पाळा, माझी ना नाही. पेटी मात्र डेकवर. ताई म्हणते, “बाहेर मुंग्या लागतील.” लागू देत. सातही कोष मी काल बाहेर टांगून आलोय, आणि कात्री तिच्या शिवणाच्या डब्यात परत ठेवलीय.