मोजणी, फेरमोजणी आणि नानांचे तीन गुंठे

दिन्यानं मोबाइल पुढे केला तेव्हा नाना चहात खारी बुडवत होते.

"वाचलं का? परत तेच. 67 का 73, अजून मिटेना."

"कशाचा भाव?" नानांनी विचारलं. नारायणगावात स्टँडसमोर बसून 67 न् 73 म्हटलं की माणूस टोमॅटोच्या क्रेटपर्यंतच जाणार, त्यात नानांची चूक नाही.

"विश्व पसरायचा वेग हो. 32.6 लाख प्रकाशवर्षांवरची दीर्घिका, म्हणजे ताऱ्यांचा प्रचंड मोठा समूह, आपल्यापासून सेकंदाला 67 किलोमीटरनं लांब जाते की 73 नं. जवळच्या ताऱ्यांपासून पायरीपायरीनं मोजत गेलं की 73 येतात. विश्व 3 लाख 80 हजार वर्षांचं होतं तेव्हाचा उजेड अजून येतोय, त्यावरनं हिशेब मांडला की 67."

"म्हणजे मोजणी आणि फेरमोजणी जुळेना," भाऊसाहेब म्हणाले.

नानांची खारी कपातच राहिली. आता काय निघणार ते सगळ्यांना माहीत होतं. भाऊसाहेब रिटायर्ड भूकरमापक. 1994 साली त्यांनी नानांचं ओढ्याकडचं शेत मोजलं आणि ते तीन गुंठे कमी भरलं. तेव्हापासून नाना कट्ट्यावर रोज येतात, पण भाऊसाहेबांच्या शेजारी बसत नाहीत.

"तुमची साखळीच खोटी होती," नाना.

"साखळी खोटी असू शकते," भाऊसाहेब शांतपणे म्हणाले. "विश्व पसरतंय हे दाखवणाऱ्या हबल या शास्त्रज्ञाची पण होती. 1929 साली त्यानं हाच आकडा 500 काढला. त्या हिशेबानं विश्वाचं वय आलं 200 कोटी वर्षं, आणि पृथ्वीवरचे दगड निघाले त्याच्याहून जुने. पोरगं बापापेक्षा मोठं! अंतर काढायला तो लुकलुकणारे तारे धरायचा, पण त्या ताऱ्यांच्या जाती दोन. काही 33 फुटी साखळीनं मोजायचं, काही दुसऱ्या, आणि लिहायचं एकाच वहीत. 1952 मध्ये बाडे नावाच्या माणसानं ते दाखवलं, तेव्हा दीर्घिकांची अंतरं एका झटक्यात दुप्पट झाली."

"ऐका! कबूल केलं! लिहून घ्या रे कुणीतरी."

"घ्या की. पण म्हणून तर आता जेम्स वेब दुर्बिणीनं तेच तारे पुन्हा तपासले. खोट निघाली नाही. तुम्ही पण फेरमोजणी केली होती ना, नाना? काय आलं?"

नाना खारीचा लगदा चमच्यानं शोधत होते. "साडेतीन कमी," बाळूच बोलला. त्याचं शेत नानांच्या बांधाला लागून. एरवी तो या विषयात तोंड उघडत नाही.

"मग खरं काय? 67 का 73?" दिन्या.

"दोन्ही मोजणीदार प्रामाणिक असतील तर नकाशातच चूक आहे. आणि ती सापडली तर मजा आहे."

नानांनी मग ठेवणीतलं काढलं. फॉरवर्ड. "हे सगळं आपल्याकडे होतं. ब्रह्मदेवाचा एक दिवस म्हणजे 432 कोटी वर्षं, रात्रही तेवढीच. नासावाले आत्ता मोजतायत."

भाऊसाहेबांनी सिगारेटच्या पाकिटावर पेन्सिल चालवली. "विश्वाचं वय साधारण 1380 कोटी. पहिला दिवस 432, रात्र धरून 864, दुसरा दिवस संपला 1296 ला. म्हणजे नाना, तुमच्या हिशेबानं ब्रह्मदेव सध्या झोपलाय. कारभार बघून वाटतंच म्हणा."

इथे चहावालासुद्धा किटली ठेवून हसला.

दिन्याची शंका मात्र खरी होती, माझीही तीच होती. वय 1380 कोटी वर्षं, मग दिसणारं विश्व 9300 कोटी प्रकाशवर्षं रुंद कसं? प्रकाश दोन्हीकडून आला तरी 2760 च होतात.

"तू खोडदहून इथं चालत निघालास," भाऊसाहेब म्हणाले. "तुझ्या पाठीमागचा रस्ता ताणला जातोय असं धर. तुझी पावलं मोजली तर पावलांइतकीच. पण इथं पोचून मागे बघशील तर खोडद पार लांब गेलेलं. आपल्या खोडदच्या रेडिओ दुर्बिणीच्या डिशांनी एका दीर्घिकेतून 880 कोटी वर्षांपूर्वी निघालेली हायड्रोजन वायूची रेडिओ लहर पकडली, 2023 ला छापून आलं होतं बघ. ती दीर्घिका आता तेवढ्यावर नाही, फार पुढे सरकली. आणि 9300 ही हद्द नव्हे, नजर पोचते तिथपर्यंतचं माप. शिवेपलीकडे जमीन नसते का?"

"पण पसरायला जागा कुणाची घेतली?" नाना. हा प्रश्न त्यांना मनापासून पडला होता.

"कुणाचीच नाही. भूसंपादन नाही, मोबदला नाही. मधलं अंतरच वाढतं. आणि तेही दूरदूरचं. शेजारची देवयानी दीर्घिका तर सेकंदाला 110 किलोमीटरनं आपल्याकडेच येतेय. जवळच्यांत गुरुत्वाकर्षण जिंकतं."

नानांनी कप खाली ठेवला आणि सावकाश बाळूकडे वळले. "म्हणजे सगळं जग लांब चाललंय, आणि शेजारी तेवढा आत घुसतोय."

"माझ्याकडं काय बघताय?" बाळू भडकला. "मी काय सेकंदाला 110 किलोमीटर येतोय का? वर्षाला चार बोटं फार तर..."

आणि त्यानं जीभ चावली.

दिन्याला ठसका लागला. भाऊसाहेबांनी पाकीट उलटं केलं, कोऱ्या बाजूला पेन्सिल टेकवली आणि विचारलं, "किती साल झाली म्हणालास, बाळू?"

नाना उठले, कप घेऊन आले आणि पहिल्यांदाच भाऊसाहेबांच्या शेजारी बसले.