आमराईत झाडांची जत्रा भरू द्या

सांगलीत दरवर्षी थंडीत झाडांची मोठी जत्रा भरली पाहिजे आणि ती आमराई या शहरातल्या जुन्या बागेतच भरली पाहिजे, असं माझं ठाम मत झालंय. पुष्पप्रदर्शनं आपल्या भागात भरतात, लोक हौसेनं जातात. पण मी म्हणतेय ते जरा वेगळं आहे, म्हणून सविस्तर लिहिते.

लेक बेंगळुरूला असते, त्यामुळे राणी चन्नम्मा एक्स्प्रेसनं जाणं-येणं असतंच. या जानेवारीत मात्र मुद्दाम तिथल्या लालबागेच्या पुष्पप्रदर्शनाची वेळ साधून गेले. हे प्रदर्शन वर्षातून दोनदा भरतं, प्रजासत्ताक दिनाला आणि स्वातंत्र्यदिनाला. बाग 240 एकरांची. हैदरअलीनं 1760 मध्ये घालायला घेतली, टिपूनं वाढवली. मधलं काचघर 1889 सालचं. दरवेळी एक विषय ठरतो आणि त्या काचघरात फुलांची भली मोठी प्रतिकृती उभी राहते. गर्दी सगळी तिथेच, आणि सगळ्यांचे हात मोबाईल धरून वर.

त्या प्रतिकृतीमागचे कष्ट मला दिसतात. तोडलेली फुलं दोन-चार दिवसांत मान टाकतात, ती उपसून पुन्हा नवी खोचावी लागतात. तरीही मला वाटतं, बागेच्या उत्सवात सगळ्यात कमी महत्त्वाची गोष्ट तीच. ती बघून कुणी घरी जाऊन झाड लावत नाही. आपल्याकडच्या प्रदर्शनांनी उचललंय ते नेमकं एवढंच: फुलांचं हृदय, फुलांची कमान, सेल्फी पॉइंट, आणि खाली हिरव्या फोमचे ठोकळे. तो फोम प्लॅस्टिकच, मातीत कुजत नाही.

खरी जत्रा बाजूला होती. स्पर्धेत बोन्साय होते, जपानी पद्धतीची पुष्परचना होती, भाज्यांवरचं कोरीवकाम होतं. घरच्या बागांच्याही स्पर्धा तिथे होतात. आणि नर्सरीवाल्यांचे स्टॉल! एका स्टॉलवर सत्तरीच्या एक आजी कढीपत्त्याचं रोप घेत होत्या. त्यांनी वरची पालवी बघितलीच नाही. पिशवी आडवी धरली, तळाच्या भोकातून मुळी बाहेर आलीय का ते बोटानं चाचपलं, मग दोन पानं उलटी करून मागे मावा कीड आहे का बघितलं. ठेवली खाली, दुसरी उचलली. नर्सरीवाला कन्नडमध्ये काहीतरी म्हणाला, आजींनी मान हलवली आणि तिसरी पिशवी पसंत केली. शेजारी त्यांची नात उभी होती. रोप कसं पारखायचं हे ती पोर तिथे उभ्या उभ्या शिकली. मी म्हणतेय ते हेच. प्रदर्शनानं नजर तयार केली पाहिजे.

लालबागेशी आपलं एक मराठी नातंही आहे. जी. एच. क्रुंबिगल नावाचे जर्मन उद्यानतज्ज्ञ लंडनच्या क्यू गार्डनमध्ये होते. त्यांना 1893 मध्ये सयाजीराव गायकवाडांनी बडोद्याला आणलं. तिथून पुढे ते म्हैसूर संस्थानात गेले आणि लालबाग त्यांच्या हाती आली. त्यांनी बेंगळुरूच्या रस्त्यांना अशी झाडं निवडली, की एकाचा बहर ओसरला की दुसऱ्याचा सुरू व्हावा. आपल्यालाही हे सहज जमेल. पळस, पांगारा, काटेसावर, मग बहावा, ताम्हण, पावसात कदंब, थंडीच्या तोंडावर बुच. सगळी आपल्या मातीतली किंवा तिच्यात रुळलेली, उगाच लाड न मागणारी.

आणि नजरेचं म्हणाल तर आपला जिल्हा त्यात मागे नाही हो! तास-ए-गणेश हे द्राक्ष तासगाव तालुक्यातल्या बोरगावच्या वसंतराव आर्वे या शेतकऱ्यानं निवडलेलं. थॉमसन सीडलेस जातीच्या द्राक्षबागेत एका वेलीचे मणी वेगळे दिसले, त्यांनी ते हेरलं, काड्या वाढवल्या आणि जात महाराष्ट्रभर गेली. प्रयोगशाळा नव्हती, रोज वेलीखाली फिरणारा माणूस होता. सांगलीच्या हळदीला 2018 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. इतकं सगळं असून शहरातल्या आपल्या मुलांना हळदीचं पान आणि कर्दळीचं पान शेजारी ठेवलं तर ओळखता येईल का? मला वाईट वाटतं ते याचं.

म्हणून आमराई. संस्थानकाळापासूनची जुनी झाडं, सावली, शहराच्या मध्यात, कुणालाही चालत येता येईल अशी. तिथे मांडव टाकून घरच्या कुंड्यांची स्पर्धा ठेवा. शेवंती, गुलाब तर येतीलच, पण गच्चीवरची वांगी, डब्यात वाढवलेला गवती चहा, झोपडीच्या दारातली तुळस यांनाही तेवढाच मान द्या. प्रवेश फुकट ठेवा, नाहीतर कुंडी दोनशेची आणि प्रवेशिका तीनशेची, अशानं गरीब घरातली बाई येणारच नाही. तासगाव-मिरजेकडचे द्राक्षवाले आणि फूलवाले शेतकरी बोलवा, छाटणी आणि कलम लोकांसमोर करून दाखवू द्या. प्रत्येक जुन्या झाडावर मराठी नावाची पाटी लावा, पण खिळा ठोकून नको, दोरीनं बांधा. फोमला बंदी. डीजे तर नकोच, त्या झाडांवर पाखरं राहतात.

महापालिकेकडे अर्ज द्यायची माझी तयारी आहे, मसुदा लिहायला घेतलाय. एकटीच्या सहीला वजन नसतं. सांगली, मिरज, कुपवाड, तिन्हीकडच्या गच्ची-बागवाल्यांनी, नर्सरीवाल्यांनी, शाळेतल्या शिक्षकांनी सही करायला यावं. आणि तुमच्या घरची कुठली कुंडी मांडवात आणाल, तेही आत्ताच सांगून ठेवा, म्हणजे अर्जाला यादी जोडता येईल.