कॅरव्हॅन टो करण्याआधी बिघाड कुठला ते बघा

कॅरव्हॅन, म्हणजे आत राहायची सोय असलेली गाडी, वाटेत बंद पडली तर सरळ कंपनीच्या वर्कशॉपला टो करून (ओढून) न्या, हा तुमच्या कॅरव्हॅनवरच्या लेखातला सल्ला मला अर्धाच पटला. बिघाड इंजिन, गिअरबॉक्स, ब्रेकचा असेल तर जरूर न्या. पण आपल्याकडच्या कॅरव्हॅन बहुतेक व्हॅन किंवा मिनीबसच्या चॅसिसवर (सांगाड्यावर) बॉडी बिल्डरने, म्हणजे गाडीची बॉडी बांधणाऱ्या कारखान्याने, उभ्या केलेल्या असतात. आतला फ्रिज, पाण्याचा पंप, इन्व्हर्टर याला कंपनीचा मेकॅनिक सहसा हात लावत नाही, टोचे पैसे मात्र जातात. बिल्डरकडून वायरिंगचा नकाशा मागून घ्या. तो हातात असला की चिपळूण-कणकवलीचा ऑटो इलेक्ट्रिशियनसुद्धा 12 व्होल्टचा दोष शोधून देतो. पार्ट अडला तर मुंबईतल्या कुणाला तरी कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर, गाड्यांच्या पार्टच्या दुकानांत पिटाळा. कोकणात जाणाऱ्या रात्रीच्या बसने पार्सल सकाळी पोचतं.

विम्याबद्दल लेखात एक ओळही नाही, आणि खरी चाट तिथेच बसते! साध्या पॉलिसीत यांत्रिक किंवा विजेचा बिघाड धरत नाहीत. अपघाताच्या दाव्यातही रबर, प्लास्टिक, टायर, बॅटरीवर 50 टक्के घसारा (वापरामुळे घटलेली किंमत) कापतात, फायबरग्लासवर 30 टक्के. झिरो डेप (घसारा न कापणारं कव्हर) आणि रोडसाइड असिस्टन्स (वाटेत बंद पडल्यावरची मदत) वेगळे घ्यावे लागतात. टोइंग किती किलोमीटरपर्यंत फुकट, हे पॉलिसी घेतानाच विचारा. गॅरेजमध्ये कामाआधी एस्टिमेट लेखी घ्या आणि बदललेला जुना पार्ट परत मागा, कामाचे पैसे तुम्ही भरले असतील तर तो तुमचाच असतो.

– एक वाचक, दादर