जुनापाणीच्या दगडांवर सोन्याचा हिशेब नाही, बाप्पा

नागपूरजवळच्या काटोल रोडवरच्या जुनापाणीबद्दल एक मेसेज सध्या घरोघरी फिरतोय. तिथली दगडांची वर्तुळं म्हणे १०,००० वर्षांपूर्वीची, बांधणारे आकाशातून उतरलेले, आणि दगडांवर कोरलेले खळगे म्हणजे खाली पुरलेल्या सोन्याच्या हंड्यांची मोजदाद. हसून सोडून दिलं असतं. पण आमच्या मामांचा रात्री फोन आला, "काऊन रे, अमावस्येला जाऊन पाहाचं का?"

वयाचं आधी उरकतो. या वर्तुळांखाली लोखंड निघतं. विदर्भात लोखंड वापरणाऱ्यांचा हा काळ साधारण इसवी सनापूर्वीच्या पहिल्या सहस्रकाचा. आणि आकाशातून येणाऱ्यांना घोड्याचे लगाम कशाला लागले असते? तेही इथे निघालेत.

आता सोनं. अहो, धन लपवणारा माणूस वर दगडावर "इथे सात हंडे" अशी पाटी कोरून जाईल का? आणि इथे कोणी खणलंच नाही असंही नाही. रिव्हेट-कार्नॅक नावाच्या इंग्रज अधिकाऱ्यानं एकोणिसाव्या शतकातच जुनापाणीला खोदलं, पुढे १९६० च्या दशकात पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या बी. के. थापरांनी. हाती काय आलं? मडकी, लोखंडी कुऱ्हाडी, खंजीर. जवळच माहुरझरीला नागपूर विद्यापीठानं शां. भा. देवांच्या देखरेखीखाली १९७०-७२ मध्ये केलेलं उत्खनन वाचलं की वाद उरतच नाही: वर्तुळांच्या पोटात माणसांचे सांगाडे, सोबत घोड्याची हाडं आणि घोड्याला घालायचे तांब्याचे दागिने. काळे धोंडे गोल मांडलेले, मधे माती-मुरमाची भर, खाली मेलेला माणूस. तुम्ही कुदळ घेऊन निघालात ते कुणाच्या तरी मसणवट्यात.

एक गोष्ट मात्र नाइलाजानं मान्य. मेसेजमध्ये "आकाशाशी संबंध" असं जे आहे, ते अगदीच हवेतलं नाही. टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या मयंक वाहिया आणि सहकाऱ्यांनी जुनापाणीची मोजणी केली. खळग्यांचे दगड वर्तुळात वाट्टेल तिथे नाहीत, ठरावीक दिशांना आहेत, म्हणून त्यांचा आकाशाशी संबंध असू शकतो, असं त्यांनी मांडलं. खळग्यांचा नेमका हेतू काय, यावर अभ्यासकांचं अजून एकमत नाही. पण त्यातून यानही निघत नाही आणि हंडाही.

राहिला कायदा. ही वर्तुळं केंद्र सरकारनं संरक्षित केलेली आहेत. तिथे नासधूस केली तर दोन वर्षांपर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड. आणि समजा सोनं निघालंच, तरी १८७८ च्या कायद्यानं दहा रुपयांवरचं गुप्तधन आधी कलेक्टरला कळवावं लागतं, मामा.